विश्लेषण : खेळाडू विद्यार्थ्यांना ‘माणूस म्हणजे काय’ हे शिकवायची वेळ का आली?

सप्टेंबर २०२३. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली होती आणि त्यानंतर राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे, म्हणजेच ‘नाडा’चे पथक मैदानात दाखल झाले. पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीसाठी आठ धावपटू पात्र ठरले होते. प्रत्यक्ष धावला एकच. बाकीच्यांपैकी काहींनी स्नायू दुखावल्याचे, काहींनी पेटके आल्याचे कारण दिले. मुलींच्या एका शर्यतीत तर अंतिम रेषा ओलांडल्यानंतरही एक धावपटू पळतच राहिली आणि नमुना घेण्यासाठी अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

गैरहजेरी हा दोषाचा पुरावा नसतो, हे खरेच. पण या प्रसंगाने उभा केलेला प्रश्न नियमांपुरता मर्यादित नाही. नियम काय आहे, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक होते म्हणूनच तर ती मैदानातून गेली. मग त्यांना काय शिकवायचे राहून गेले? क्रीडा शिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नाचे एक उत्तर असे दिले जाते की, विद्यापीठातील खेळाडूंना शरीररचना आणि प्रशिक्षणशास्त्राबरोबरच ‘तात्त्विक मानवशास्त्र’ आणि ‘सामाजिक जबाबदारी’ हे विषयही शिकवावेत. हे विषय नेमके काय आहेत, त्यांचा मैदानाशी काय संबंध आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ते बसू शकतात का, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या (‘वाडा’) २०२४ या वर्षाच्या आकडेवारीनुसार भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० नमुन्यांत बंदी असलेले पदार्थ आढळले. हे प्रमाण साधारण ३.६ टक्के. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ११ हजारांहून अधिक नमुने तपासले गेले, तेथे असे नमुने ९१ निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत भारत सलग तिसऱ्या वर्षी या यादीत सर्वात वर राहिला. चाचण्या वाढल्या की पकडले जाणाऱ्यांची संख्याही वाढते, हा युक्तिवाद काही अंशी बरोबर आहे. पण संख्या नव्हे, तर प्रमाण पाहिले तरी चित्र समाधानकारक नाही. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही सुमारे २५ खेळाडू चाचणीत दोषी आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या.

दुसरे कारण आगामी वेळापत्रकाचे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्नशील आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांमुळे विद्यापीठे ही पदकांच्या साखळीतील एक कडी बनली आहेत. मणिपूरमध्ये केंद्राचे राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. पैसा, सुविधा आणि संधी वाढणार, हे स्वागतार्हच. पण त्याबरोबर अठरा ते पंचवीस या वयातील मुलामुलींवरचा दबावही वाढणार आहे. त्या दबावाला सामोरे जाण्याची तयारी कोण करून घेणार, हा प्रश्न म्हणूनच आताचा आहे.

तात्त्विक मानवशास्त्र म्हणजे काय?

महाविद्यालयात शिकवले जाणारे मानवशास्त्र वेगवेगळ्या समाजांच्या चालीरीती, नातेसंबंध, भाषा यांचा अभ्यास करते. तात्त्विक मानवशास्त्राचा प्रश्न याहून मूलभूत आहे : माणूस म्हणजे नेमके काय? तो केवळ हुशार प्राणी आहे का? शरीर आणि मन यांचे नाते कोणते? माणसाला स्वातंत्र्य आहे, असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? दुसऱ्या माणसाशी असलेले नाते हा त्याच्या असण्याचा भाग आहे, की नंतर जोडलेली गोष्ट?

हे प्रश्न जुनेच. पण स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून तिची मांडणी जर्मनीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. माक्स शेलर आणि हेल्मुट प्लेसनर यांची या विषयावरील पायाभूत पुस्तके १९२८ या एकाच वर्षी आली. १९४० मध्ये आर्नोल्ड गेलेन यांनी माणूस हा जन्मतः अपुरा प्राणी असून संस्था आणि संस्कृती यांच्या आधाराने ती उणीव भरून काढतो, असे प्रतिपादन केले. नेदरलँड्सचे इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ म्हणजे ‘खेळणारा माणूस’ ही कल्पना मांडली. खेळ ही संस्कृतीच्या कडेला असलेली करमणूक नाही, संस्कृतीच खेळातून आकार घेते, असा त्यांचा रोख होता.

भारतीय परंपरेतही या प्रश्नांची परस्परविरोधी उत्तरे आहेत. शरीरापलीकडे काही नाही म्हणणारे चार्वाक, अन्नमय ते आनंदमय अशा पाच कोशांची कल्पना मांडणारे तैत्तिरीय उपनिषद आणि कायमस्वरूपी ‘मी’ नाकारणारे बौद्ध तत्त्वज्ञान या तीन भूमिका एका तासात समोरासमोर ठेवल्या, तरी हा विषय परका वाटणार नाही.

मैदानाशी त्याचा संबंध काय?

प्लेसनर यांनी केलेला एक भेद खेळाडूंना सर्वात लवकर पटेल असा आहे. माणूस एकाच वेळी शरीर ‘असतो’ आणि त्याच्याकडे शरीर ‘असते’. दमल्यावर ‘मी दमलो’ असे तो म्हणतो, तेव्हा शरीर म्हणजे तो स्वतःच. गुडघा दुखावल्यावर मात्र ‘माझा गुडघा साथ देत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तेच शरीर त्याच्यासमोरची एक वस्तू झालेले असते. इतर प्राण्यांना स्वतःच्या शरीराकडे असे बाहेरून पाहता येत नाही. माणसाला येते, म्हणून तो शरीर घडवू शकतो आणि म्हणूनच ते वापरून टाकूही शकतो.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि त्या दिवशी सकाळी तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले. रात्रभर व्यायाम, घाम, उपाशीपोटी राहणे हे सारे करूनही काटा खाली आला नाही आणि ती अपात्र ठरली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीपूर्वी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले आणि पदक मिळवले. त्याचे कौतुक झाले. २०२५ मध्ये झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरल्याने अपात्र ठरला, तेव्हा टीका झाली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, पण चर्चा फक्त निकालाची झाली : एका रात्रीत चार-पाच किलो पाणी शरीरातून काढणे ही जिद्द मानायची, की शरीराला यंत्र मानणे?

याचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. वजनी गट आवश्यक आहेत आणि वजन सांभाळणे हा कुस्तीगिराच्या शिस्तीचा भाग आहे. तरीही आपल्या शरीराशी आपले नाते कोणते, याचा एकदाही विचार न केलेला मुलगा ‘हे घे, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे नकार देण्यासाठी फक्त पकडले जाण्याची भीती असते. पथक येणार नाही अशी खात्री झाली की ही भीतीही जाते.

उत्तेजकविरोधी प्रशिक्षण पुरेसे नाही का?

असे प्रशिक्षण आता ऐच्छिक राहिलेले नाही. ‘वाडा’चे शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यात माहिती देणे, जाणीव निर्माण करणे आणि उत्तेजकविरोधी शिक्षण यांच्या बरोबरीने मूल्यांवर आधारित शिक्षणाचा घटकही आहे. ‘नाडा’ कार्यशाळा घेते. औषधात बंदी असलेला घटक आहे का, हे पाहण्यासाठी तिने अ‍ॅपही उपलब्ध केले आहे.

ही माहिती अत्यावश्यक आहे, कारण या नियमांत ‘संपूर्ण उत्तरदायित्वा’चे तत्त्व आहे. शरीरात पदार्थ सापडला की तो कसा आला, हे समजावून सांगण्याची जबाबदारी खेळाडूवर येते. ‘प्रशिक्षकाने दिले’ किंवा ‘डबा दुकानातून आणला’ एवढ्याने सुटका होत नाही. पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांची बंदी येऊ शकते. विशीतल्या विद्यार्थ्यासाठी हा काळ म्हणजे बहुधा अख्खी कारकीर्द.

अडचण अशी की, दोन तासांच्या सत्रात यादी, दंड आणि प्रक्रिया एवढेच सांगून होते. चौथा घटक म्हणजे मूल्ये, ती शेवटच्या एका चित्रफितीत उरकली जातात. ‘नियम पाळा’ आणि ‘नियम का पाळायचा’ यांत अंतर आहे. दोनशे मीटर अंतर मोटारीने लवकर कापता येते, तरी धावपटू ते पायाने कापतो. ही अडचण त्याने स्वतः मान्य केलेली असते. ती काढून टाकली तर वेळ कमी होईल, पण धावणे उरणार नाही. खेळाचे हे स्वरूप उमगले की उत्तेजक म्हणजे ‘पकडले तर गुन्हा’ राहत नाही. आपण जे करायला मैदानात आलो, तेच आपण केले नाही, हे लक्षात येते. हे समजायला यादी पुरत नाही. त्यासाठी वेळ, संवाद आणि शिक्षक लागतो.

सामाजिक जबाबदारी : कोणाची, कोणाप्रति?

ऑलिम्पिक सनदेतील मूलभूत तत्त्वांत सामाजिक जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे मात्र या शब्दाचा अर्थ बहुधा वृक्षारोपण, रक्तदान शिबिर किंवा जनजागृती फेरी एवढाच लावला जातो. खेळाडू विद्यार्थ्याच्या बाबतीत तो याहून जवळचा आहे.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. महाविद्यालयीन प्रवेशातही खेळाची वेगळी दारे असतात. हे सारे समाजाने खेळाडूला दिलेले असते. गेल्या काही वर्षांत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली. खोटे प्रमाणपत्र घेणारा सरकारला फसवतो, तसाच पहाटे चारला उठून खरा सराव करणाऱ्या एखाद्या खेड्यातील मुलीची जागाही घेतो. उत्तेजक घेऊन आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिसरा येणाराही तेच करतो. चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला कळतही नाही की आपले काय गेले. सामाजिक जबाबदारीचा पहिला धडा हाच : आपल्या यशात न दिसणारी माणसे असतात आणि आपल्या फसवणुकीतही.

पण जबाबदारी एका बाजूची नसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले; गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले. ही कथा महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही अभ्यासक्रमात यायला हवी : प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागले, कारण ज्यांचे ते काम होते त्यांनी ते केले नव्हते. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

इतर देशांत काय केले जाते?

स्पेनमध्ये माद्रिदजवळील फ्रान्सिस्को दे वितोरिया विद्यापीठात मानवशास्त्र, नीतिशास्त्र आणि सामाजिक जबाबदारीचे शिक्षण हे विषय वेगवेगळ्या पदव्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. शारीरिक शिक्षण व क्रीडाविज्ञानाचे विद्यार्थीही त्यात आले. सामाजिक जबाबदारीच्या विषयात वर्गातील चर्चेला एखाद्या सामाजिक संस्थेतील प्रत्यक्ष कामाची जोड दिली जाते. हे कॅथलिक विद्यापीठ आहे, त्यामुळे तेथील मानवशास्त्राला ख्रिस्ती विचारांची बैठक आहे. ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण ‘आधी माणसाविषयी विचार, मग माणसांत काम’ हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

युरोपीय संघाने २०१२ मध्ये खेळाडूंच्या ‘दुहेरी कारकिर्दी’विषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. खेळ आणि शिक्षण यांतील एकाची निवड करायला खेळाडूला भाग पाडू नये, हा त्यांचा गाभा. त्यामागेही माणसाविषयीची एक भूमिकाच आहे : खेळाडू हा खेळाडू होण्यापूर्वी माणूस असतो आणि खेळ संपल्यावरही माणूसच राहतो.

आपल्या अभ्यासक्रमात जागा आहे का?

कागदावर आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये पदवी शिक्षणाचा जो श्रेयांक आराखडा ठरवला, त्यात मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. दोन श्रेयांकांचा सैद्धांतिक विषय म्हणजे साधारण ३० तासिका. बी. पी. एड. अभ्यासक्रमातही शारीरिक शिक्षणाचा इतिहास व तत्त्वे, क्रीडा मानसशास्त्र व समाजशास्त्र, ऑलिम्पिक चळवळ हे विषय शिकवले जातात. म्हणजे नवा कायदा किंवा नवी पदवी लागणार नाही.

प्रत्यक्षात दोन अडथळे आहेत. पहिला असा की, विद्यापीठ संघातील खेळाडूंपैकी बहुतेक जण बी. पी. एड.चे नसतात. ते कला, वाणिज्य, विज्ञान शाखेत शिकतात आणि आंतरमहाविद्यालयीन, ‘अश्वमेध’, पश्चिम विभाग, अखिल भारतीय अशा स्पर्धांच्या रांगेत अर्धे सत्र बाहेर असतात. त्यांच्यासाठी मूल्यशिक्षण म्हणजे परीक्षेआधी मित्राकडून घेतलेल्या नोट्स. दुसरा अडथळा म्हणजे खेळात सहभागी झाल्याबद्दल सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळतात, पण त्या सहभागावर विचार करण्याची अट कोठेच नसते. खेळला म्हणजे खिलाडूवृत्ती आपोआप आली, असे गृहीत धरले जाते. दिल्लीतील रिकाम्या धावपट्टीने या गृहीतकालाच छेद दिला.

वर्गात नेमके काय शिकवता येईल?

हा विषय व्याख्यानाचा नाही. त्याची सुरुवात विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या प्रकरणापासून करावी लागेल.

एक उदाहरण द्युती चंदचे. शरीरातील संप्रेरकाचे नैसर्गिक प्रमाण जास्त असल्याच्या कारणावरून २०१४ मध्ये तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने संबंधित नियम तात्पुरते स्थगित केले. त्याआधी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजनचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले होते. तिला अशी दाद मागण्याची वाटही कोणी दाखवली नाही. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्सने महिला गटात खेळण्यासाठी एकदा जनुकीय चाचणी सक्तीची केली आहे. महिला खेळाडूंसाठी समान संधी हवी आणि त्यासाठी गट ठरवावे लागतात, ही एक बाजू. शरीराच्या एका मोजमापावरून माणसाची ओळख जगासमोर ठरवली जाऊ नये, ही दुसरी. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांनी मांडल्या, तर तात्त्विक मानवशास्त्राचा मुख्य प्रश्न त्यांच्याच शब्दांत समोर येतो.

दुसरे उदाहरण प्रतिस्पर्ध्याचे. पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने सुवर्ण जिंकल्यावर नीरज चोप्राच्या आईने तोही आपलाच मुलगा असल्याची भावना व्यक्त केली. १४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकात भारतीय क्रिकेटपटूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही आणि कर्णधाराने त्यामागे पहलगामच्या बळींशी असलेली बांधिलकी सांगितली. प्रतिस्पर्धी हा शत्रू की सोबती? देशबांधवांप्रति असलेली जबाबदारी आणि समोरच्या खेळाडूप्रति असलेली जबाबदारी यांत ताण आला तर काय करायचे? येथे शिक्षकाने निकाल द्यायचा नसतो. प्रश्नाची दोन्ही टोके विद्यार्थ्यांनी धरून ठेवावीत, एवढे पाहायचे असते.

तिसरा प्रश्न सर्वात जवळचा : खेळ संपल्यावर मी कोण? विद्यापीठ संघातील बहुतेक खेळाडू पुढे देशासाठी खेळत नाहीत. गुडघ्याची एक दुखापत किंवा निवड चाचणीतील एक खराब दिवस पुरतो. लहानपणापासून गावात, घरात, महाविद्यालयात ज्याची ओळख फक्त ‘पैलवान’ किंवा ‘धावपटू’ अशीच आहे, त्याच्या हातून खेळ जातो तेव्हा ओळखही जाते. सर्व काही एका निकालावर लावलेला विद्यार्थी उत्तेजकांच्या मोहाला अधिक सहज बळी पडू शकतो. त्यामुळे ‘मी खेळाडू आहे, पण तेवढाच नाही’ हे उमगणे उत्तेजकांविरुद्धचे संरक्षणही आहे.

समाजसहभागासाठी तर दूर जायला नको. कोल्हापुरातील तालमी केवळ कुस्तीच्या जागा नाहीत. उत्सवापासून महापुरातील मदतीपर्यंत पेठेचे सार्वजनिक जीवन त्यांच्याभोवती फिरते. अमरावतीच्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला समाजकार्याची जोड दिली. खेळाडू विद्यार्थ्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्रभर आठवड्यातून दोन तास मुलामुलींना खेळवले किंवा दिव्यांग खेळाडूंच्या सरावाला मदत केली, तर तो खऱ्या अर्थाने समाजसहभाग प्रकल्प होईल. स्वतःहून कमजोर मुलाला बरोबर घेऊन खेळताना जिंकण्याचा अर्थ बदलतो, हे त्याला तेथे कळेल.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप म्हणजे हा विषय प्रवचन होईल. तो रास्त आहे. मूल्यशिक्षणाच्या नावाखाली एखादी धार्मिक किंवा राजकीय विचारसरणी रेटली जाण्याचा धोका असतो. तत्त्वज्ञान शिकल्याने माणूस आपोआप नीतिमान होत नाही, याचा दाखला याच ज्ञानशाखेच्या इतिहासात आहे. १९३३ मध्ये ज्यूवंशीय वडिलांमुळे प्लेसनर यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले; त्याच वर्षी गेलेन नाझी पक्षाचे सदस्य झाले. दोघेही ‘माणूस म्हणजे काय’ याच प्रश्नाचे अभ्यासक होते. म्हणून या विषयात उत्तरे पाठ करून घेण्याला अर्थ नाही. मूल्यमापनही वस्तुनिष्ठ प्रश्नांनी न करता खेळाडूने स्वतःच्या अनुभवावर लिहिलेल्या टिपणाने आणि तोंडी चर्चेने व्हावे लागेल.

दुसरा आक्षेप वेळेचा. सराव, प्रवास, परीक्षा यांत आणखी एक विषय कशाला? यावर उपाय म्हणजे तासिका शिबिरात नेणे. स्पर्धेआधीच्या सराव शिबिरात संघ एकत्र असतो आणि संध्याकाळी वेळही असतो. प्रशिक्षक आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांनी मिळून ही सत्रे घेतली, तर ‘थिअरी’ आणि ‘ग्राऊंड’ यांतील भिंतही कमी होईल.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे : व्यवस्थेचे अपयश विद्यार्थ्याच्या नैतिकतेवर ढकलले जाईल. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारताच्या बारा बॅडमिंटनपटूंपैकी सहा जणांना खेळताच आले नाही, कारण पथकाच्या अधिकाऱ्यांनी त्यांची नावे वेळेत नोंदवली नव्हती. त्या सहा जणांनी सराव, शिस्त, खिलाडूवृत्ती यांत काहीच कमी ठेवले नव्हते. २०२३ मध्ये कुस्तीगीर महिलांना लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकल्या जाव्यात म्हणून जंतरमंतरवर बसावे लागले. अशा व्यवस्थेने विद्यार्थ्याला जबाबदारीचे धडे द्यावेत, यातील विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पुढे काय?

या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर अभ्यासक्रम रद्द करणे हे नाही, तर तो दोन्ही बाजूंना लागू करणे हे आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा संघटनांत खेळाडूंची समिती, आचारसंहिता, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण आणि वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा लवाद यांची तरतूद केली आहे. कार्यकारी समितीत किमान चार महिला असणे बंधनकारक आहे. म्हणजे आज विद्यापीठ संघात असलेल्यांपैकी काही जण उद्या या समित्यांवर बसणार आहेत. तक्रार कशी ऐकायची, निवड कशी न्याय्य करायची, खेळाडूकडे पदकाचे साधन म्हणून पाहायचे की माणूस म्हणून, हे त्यांना ठरवावे लागेल. ते शिकण्याची जागा विद्यापीठच आहे.

विद्यापीठांपुढे असलेली कामे ठोस आहेत. उपलब्ध मूल्यशिक्षणाच्या श्रेयांकांत खेळाडूंसाठी वेगळा विषय आखणे, तो शिबिरात शिकवण्याची परवानगी देणे, प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापकांनाही तोच अभ्यासक्रम सक्तीचा करणे आणि संघातील प्रत्येक खेळाडूला उत्तेजक, दुखापत, छळ याविषयी निर्भयपणे बोलता येईल अशी एक व्यक्ती नेमणे. यांतील शेवटच्या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर पहिल्या दोन म्हणजे आणखी एक प्रमाणपत्र ठरेल.

असा विषय शिकवल्याने उत्तेजकांचे प्रमाण पुढच्याच वर्षी खाली येईल, असे कोणी मानू नये. चाचण्या, तपास आणि शिक्षा यांना पर्याय नाही. औषध पुरवणारे प्रशिक्षक आणि दुकानदार यांच्यावर कारवाईही तितकीच हवी. पण चाचणी खेळाडूच्या शरीरात काय आहे, एवढेच सांगते. ते तेथे येऊ नये असे त्याला स्वतःला वाटेल की नाही, हे शिक्षणावर अवलंबून आहे. तेवढ्यासाठी तीस तासिका देणे कोणत्याही विद्यापीठाला जड जाऊ नये.